सात नंबरचं मत

बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली की नवऱ्याला कामं दोनच. सातव्या दिवशी बारशाला मेंढा पोचवायचा आणि चाळिसाव्या दिवशी जाऊन दोघींना घेऊन यायचं. मधल्या तेहतीस दिवसांत त्या माणसाने करायचं काय, याबद्दल नायजेरियातल्या आमच्या अख्ख्या कानो शहरात कुणी काही ठरवून ठेवलेलं नाही. माझ्या मते सगळा घोळ तिथेच झाला. मला त्या दिवसांत कुणी एखादं धड काम लावून दिलं असतं, तर माझी मुखियांपुढे चौकशी झाली नसती.

दोघींना म्हटलं, कारण मुलगी झाली. बारशाच्या दिवशी मी तिला बघितलं, म्हणजे एक लोकरीची टोपी बघितली. टोपीत मुलगी आहे असं सगळे म्हणत होते. पहिलं मूल बापाने मोठ्यांसमोर हातात घ्यायचं नाही, नावाने हाक मारायची नाही, आणि सासू आसपास असेल तर त्याच्याकडे टक लावून बघायचंसुद्धा नाही. मर्यादा! मी भूगोलाचा मास्तर. नायजर नदी कुठे उगम पावते ते मला पाठ आहे, पण स्वतःच्या मुलीचं नाक कसं आहे ते मला ठाऊक नव्हतं. मी दिवस मोजत होतो. चाळिसावा दिवस उजाडला की तिला आपल्या घरी आणायची, दार लावून घ्यायचं, आणि मांडीवर घेऊन पोटभर बघायची. बस्स, एवढंच मागणं होतं.

पण ती कधी पाठवायची हे सासूबाईंच्या हातात. चाळीस दिवस हा कमीत कमी आकडा झाला. ‘मुलगी अशक्त आहे’ एवढं सासूने म्हटलं की चाळिसाचे ऐंशी होतात, आणि आमच्या ओळखीच्या एका कारकुनाचे तर एकशे साठ झाले होते. आणि सासूला विनवायचीही सोय नाही, कारण जावई सासूशी बोलत नाही. लग्नाला दोन वर्षं झाली, पण सासूबाईंना मी फक्त पाठमोरं बघितलेलं. मी दारात आलो की त्या डोक्यावरून पदर ओढून आत पळत. मी जमिनीकडे बघत ओसरीवर बसे, मानाची भेट म्हणून कोलाची कडू फळं ठेवी, आणि जमिनीकडेच बघत परत येई. आमच्याकडे यालाच माया म्हणतात.

तर बाळंतपणाच्या दहाव्या दिवशी देलूमावशी डोराई वस्तीतून, हीच्या माहेरून, आमच्या हीचा निरोप घेऊन आली. देलूमावशी म्हणजे घरोघर फिरून बायकांना कापड, बांगड्या, अत्तरं विकणारी बाई. बायका बाहेर पडत नाहीत, त्यामुळे प्रत्येक घराच्या आतल्या चौकापर्यंत जाणारा माणूस म्हणजे हीच. आमच्या हीने सांगितलं होतं, “दिवसातून दोनदा कडुलिंबाच्या कढत पाण्याने भाजून काढतात आणि उरलेल्या वेळात तिखटजाळ पेज पाजतात. वेळ जात नाही. पुस्तकं पाठवा. गल्लीतल्या बायकांना विचारा सध्या कुठलं चांगलं आहे.”

बायकांना विचारा! मी कसं विचारू? सिमेंटवाल्या अल्हाजींच्या दारात उभं राहून ‘वहिनी, सध्या कुठली प्रेमकथा चांगली आहे हो?’ असं विचारलं असतं तर मला सिमेंटमध्येच पुरलं असतं. म्हणून देलूमावशीलाच म्हटलं, तूच आण.

तिने आणली. ही पुस्तकं तुम्ही पाहिली असतीलच. पातळ, बाजारात ढिगाने मिळणारी, मुखपृष्ठावर डोळे पुसणारी मुलगी, आणि गोष्ट ऐन रंगात आली की ‘पुढे भाग दुसरा’. देलूमावशीला वाचता येत नाही. ती मुखपृष्ठावरच्या मुलीच्या कपड्यांवरून शिफारस करते. “हे घ्या, हिचं कापड उंची आहे.” आमच्या हीकडे एकाच वेळी एका गोष्टीचा तिसरा भाग, दुसरीचा पहिला आणि तिसरीचं नुसतं मुखपृष्ठ जाऊन पोचलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला, “तुम्ही मास्तर आहात ना?”

लागलं मला. खरंच लागलं. शाळेचं हजेरीपुस्तक चौदा वर्षं माझ्या ताब्यात आहे, एका ओळीत खाडाखोड नाही. अशा माणसाला हे ऐकवायचं?

मग मी योजना आखली. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानाला एक कागद डकवायचा. जी वाचेल तिने त्यावर आपलं प्रामाणिक मत लिहायचं. पुढचीने ते वाचून ठरवायचं, घ्यावं की नाही. आता परक्या घरच्या बायकांची नावं अशी कागदावर फिरवणं बरं दिसत नाही, म्हणून मी सभ्यपणाने नंबर दिले. कोणाला कुठला नंबर ते देलूमावशीने तोंडी ठरवायचं आणि पोटात ठेवायचं, मलाही सांगायचं नाही. माझ्या आयुष्यात मी इतकी सभ्य योजना दुसरी आखलेली नाही. आणि तिच्यामुळे जेवढी अब्रू गेली, तेवढी दुसऱ्या कशानेच गेलेली नाही.

शेजारी गंबोकाका, पूर्वी कचेरीत कारकून होते. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. “चांगलं आहे. पण शिक्का हवा.”

“कसला शिक्का, काका?”

“कसलाही. शिक्का नसलेल्या कागदावर लोक खरं लिहितात. मग भांडणं होतात.”

मी हसलो. हसायला नको होतं.

आठवड्याभरात मतं यायला लागली. तीन नंबर लिहायची, “नवरा घरी नसताना वाचावं. हसू आवरत नाही.” नऊ नंबरचं प्रत्येक पुस्तकाखाली एकच मत, “छान आहे, पण कुठलं ते आठवत नाही.” आणि एक होती सात नंबर. मोठं, गोल, मोठेपणी लिहायला शिकलेल्या माणसाचं असतं तसं अक्षर. “पहिली चाळीस पानं सोडा. लेखिकेने ती शेजारणीशी गप्पा मारत लिहिली आहेत.” “यातला नायक तीनदा बेशुद्ध पडतो. याला आधी जेवायला घाला.”

मला वाटलं, ही बाई उगाच शहाणपणा करते आहे. योजनेचा प्रमुख म्हणून खात्री करणं माझं कर्तव्य होतं. मी पहिली चाळीस पानं वाचली. खरंच सोडण्यासारखी होती. नायक मोजला. तीनदाच पडला. मग म्हटलं, हिने ज्याला ‘आधी हे वाचा, भाकरी करपली तरी चालेल’ असं लिहिलंय ते बघू. ते होतं ‘विहिरीतला नवरा’, भाग पहिला.

आता गोष्ट अशी. रंगाऱ्याची मुलगी. हात कोपरापर्यंत निळे. विहिरीवर पाणी भरायला जाते, तर विहिरीतून जिनांचा राजपुत्र तिच्याशी बोलतो. इकडे गल्लीतल्या शिंप्याचाही तिच्यावर जीव. मी पहिला भाग शाळेच्या नकाशांच्या वहीत घालून वाचला. दुसरा भाग नववीचा वर्ग वाळवंटं काढत बसला होता तेव्हा वाचला. तिसऱ्या भागाच्या शेवटी मुलगी विहिरीच्या कठड्यावर उभी, एक पाय आत, आणि पुढे भाग चौथा. चौथा अजून छापलाच नव्हता! मी शाळेतून घरी जाताना दोन दिवस प्रत्येक विहिरीत डोकावून बघत होतो.

त्या अवस्थेत मी कागदावर लिहिलं. अकरा नंबर कुठल्याच कागदावर दिसला नव्हता, तो घेतला. “तिने शिंप्याशी लग्न करावं. जिनाला कायमचा पत्ता नाही.”

दुसऱ्याच दिवशी पुस्तक फिरून आलं. खाली गोल अक्षरात उत्तर, “अकरा नंबर सरकारी नोकर दिसतो. पत्ता बघून लग्न करणाऱ्याची बायको बिचारी.”

माझी बायको बिचारी? मी उभ्या उभ्याच उत्तर खरडलं. “सात नंबर, तुम्हाला जावई असलाच तर मला त्याची कीव येते.”

“आहे ना जावई. भिंत आहे नुसती. दोन वर्षांत तोंडातून शब्द नाही.”

“तुमच्यापुढे तोंड उघडायची कोणाची छाती आहे? बिचारा जीव मुठीत धरून बसत असेल. त्याच्या जागी मी असतो तर...”

“तर काय? पूर्ण करा वाक्य. अर्धवट सोडायला तुम्ही काय लेखिका आहात?”

मग मी पूर्ण केलं. “तर तोंडावर सांगितलं असतं, की तुम्हाला गोष्टीतली माणसं कळतात, घरातली कळत नाहीत.”

मी हे लिहिलं तेव्हा मला केवढं समाधान वाटलं! त्या अज्ञात जावयाच्या वतीने मी लढलो होतो. मनातल्या मनात त्याला मी मिठीसुद्धा मारली. तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. आमच्या सासूबाई म्हणजे हातात माळ, हजला जाऊन आलेल्या. त्या आणि जिनाचं प्रेम हे एका वाक्यात बसेल असं मला स्वप्नातही वाटलं नाही. मी आपला सात नंबर कोण, या विचाराने वेडा झालो होतो. सुईण असेल? औषधवाल्याची आई? गंबोकाकांना विचारलं, तर ते म्हणाले, “बाई हुशार आहे ना? मग आपल्या गल्लीतली नाही.”

इतक्यात सिमेंटवाल्या अल्हाजींनी आपल्या धाकट्या बायकोच्या उशाखालून तिसरा भाग ओढून काढला. मागच्या कागदावर ताजी ओळ होती, “अकरा, तुमचं उत्तर वाचून राग आला आणि दिवसभर हसले. चौथा भाग मिळाला तर आधी मला पाठवा. सात.”

नंबर! गुप्त खुणा! कोणी तरी अकरा नंबरचा पुरुष, आणि ती दिवसभर हसते! अल्हाजी पुस्तक घेऊन तडक वस्तीच्या मुखियांकडे गेले. कागद कोणी डकवले, हे गल्लीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

मुखियांच्या कारकुनाने मला बोलावून घेतलं. खुलाशाचा अर्ज तीन प्रतींत हवा आणि सोबत फोटो हवा.

“कोणाचा फोटो? माझा की पुस्तकाचा?” मी विचारलं.

त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, “दोन्ही आणा.”

आणले. चौकशी शुक्रवारच्या नमाजानंतर होती, ती पुढे ढकलली. का, तर मुखिया पुरावा तपासत आहेत आणि पुराव्याचा पहिला भाग जोडलेला नाही. मी पहिला भाग जोडला. पुन्हा तारीख पुढे गेली. मी डोकावलो, तर मुखिया ओसरीवर लोडाला टेकून पुरावा तपासत होते आणि कारकून शेजारी बसून मान वाकडी करून तोच पुरावा तपासत होता. मला बघून मुखिया दटावून म्हणाले, “जा! अजून विहिरीपाशी आहोत आम्ही.” तोवर माझे छत्तीस दिवस संपले होते.

सदतिसाव्या दिवशी चौकशी झाली. एका बाजूला अल्हाजी, दुसऱ्या बाजूला मी, मागे फुकटात बघायला आलेली निम्मी वस्ती, आणि मध्ये देलूमावशी.

“नंबर सांग,” मुखिया म्हणाले.

“बायकांची नावं अशी चारचौघांत घेऊ?”

“नावं नको, घरं सांग.”

मावशी बोटांवर मोजू लागली. “चार नंबर या मास्तरांची बायको, माहेरी आहे. नऊ नंबर अल्हाजींची धाकटी.”

“नऊ?” अल्हाजी म्हणाले. “सात नाही?”

“छे! तिला वाचलेलं आठवत नाही, ती कसली भांडते.” अल्हाजींचा जीव भांड्यात पडला. ते इतके खूश झाले की मला वाटलं संपलं, आता घरी जाऊ. पण मागून कोणीतरी ओरडलं, “मग सात कोण?” आणि खरं सांगतो, ओरडणारा मीच होतो. पंधरा दिवस त्या प्रश्नाने मला झोप नव्हती.

“सांगू?” मावशीने माझ्याकडे बघून विचारलं. “बघा हं.”

“सांग ना!”

“डोराईच्या हाजिया मैरो.”

“कोण या हाजिया मैरो?” मुखियांनी विचारलं.

“यांची सासू.”

मी खाली बसलो. मावशी पुढे म्हणाली, “आणि अकरा नंबर म्हणजे हेच. घरात एकटा माणूस, आणि पुस्तकात खडूची पूड. मी काय आंधळी आहे?”

कोणीतरी चुकचुकलं. मुखियांनी दाढी कुरवाळली. “चोरी केली असतीस तर काही तरी शिक्षा सांगितली असती. मारामारी केली असतीस तरी. पण सासूशी पत्रव्यवहार! याला माझ्याकडे शिक्षाच नाही रे.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “चौथा भाग आला की पुरावा म्हणून जमा कर.”

बातमी डोराईला माझ्या आधी पोचली. गंबोकाका सांत्वनाला आले. “एक काम कर. काही दिवस झारियाला माझ्या भाच्याकडे जाऊन राहा.”

“काका, परवा चाळिसावा दिवस आहे. मुलीला आणायचं आहे.”

“मग आणखी एक मेंढा ने.”

“मेंढ्याने काय होणार?”

“काही नाही. पण तू बोलत नाहीस तोवर तो तरी ओरडेल.”

एकोणचाळिसाव्या दिवशी देलूमावशी आली. मी धावत पुढे गेलो. “काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, उद्या येऊ दे. बघू.”

“नुसतं बघू?”

“आणि म्हणाल्या, मुलगी अशक्त आहे. तीन महिने ठेवून घ्यावं की काय.”

तीन महिने! तोपर्यंत टोपी लहान झाली असती. लोकांनी हसावं, मुखियांनी टोमणे मारावेत, सगळं चालेल. पण माझी मुलगी मला हातात घ्यायला मिळणार नाही, ती एका शिंप्यापायी! मला रडू आलं, लपवत नाही.

चाळिसाव्या दिवशी मी कोलाची फळं घेऊन डोराईला गेलो आणि ओसरीवर जमिनीकडे बघत बसलो. एरवी निरोप्याचं काम करायला कोणीतरी भाची, शेजारीण असते. आज कोणीच नाही. आतल्या दारावर चटईचा पडदा, आणि पडद्याशेजारी पाण्याचा मोठा रांजण.

पडद्याआडून आवाज आला. “रांजणा, आला का तो?”

मी इकडे तिकडे बघितलं. रांजण काही बोलला नाही.

“तुलाही वाचा नाही वाटतं. भिंतीचा गुण लागला.”

मी रांजणाकडे तोंड करून कसंबसं म्हणालो, “रांजणा, त्यांना सांग, फार मोठी चूक झाली. मला ठाऊक नव्हतं.”

“ठाऊक असतं तर?”

“तर असं लिहिलंच नसतं.”

“म्हणजे खोटं लिहिलं असतं!” आवाज चढला. “रांजणा, त्याला विचार, घरातली माणसं मला कळणार कशी? दोन वर्षं येतो, कोला ठेवतो, फरशी बघतो आणि जातो. पोटची पोर दिली मी, ती कोणाला दिली हे कळावंसं वाटणार नाही मला? हसतो कशाला, चिडतो कशाला, डोक्यात काय चालतं... विचारणार कोणाला? पोरगी म्हणते, चांगले आहेत. अगं, चांगले तर सगळेच असतात! मग तो मेला अकरा नंबर भेटला. रोज वाट बघायची मी त्याच्या कागदाची. वाटायचं, जावई असा हवा होता, भांडायला तरी मजा आली असती.”

मी म्हणालो, “रांजणा, सांग त्यांना, मीही वाट बघायचो.”

पडद्याआडून नाक ओढल्याचा आवाज. मग, “पण ते कायमच्या पत्त्याचं मूर्खपणाचं होतं.”

“अजिबात नाही!” मी म्हणालो. “विहिरीत संसार कसा करणार? पावसाळ्यात पाणी वर आलं म्हणजे?”

“जिन आहे तो! त्याला पाण्याचं काय?”

“पण तिला आहे ना! आणि शिंपी तिचे निळे हात बघून नाक मुरडत नाही. दुसऱ्या भागात, पान बावीस.”

“पान बावीसला तो हातमोजे शिवून देतो! हात आवडतात तर झाकतो कशाला?”

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी हादरलो. आमची ही गाठोडं घेऊन बाहेर आली, म्हणाली, “अहो, टॅक्सी उभी आहे.” म्हणजे तीन महिन्यांची बात केव्हाच विरघळली होती आणि मला पत्ताही नव्हता. मी म्हटलं, “एक मिनिट.” ती गाठोडं ठेवून आली. “अहो, टॅक्सीवाला ओरडतोय.” “एकच मिनिट गं, हातमोज्यांचं राहिलंय.” तिने दोन टोपल्या नेल्या, पाळण्याचं कापड नेलं. शेवटी पेजेचं पातेलं उचलायला तिला हात मोकळे हवे होते, म्हणून हातातलं सगळं माझ्या मांडीवर टाकून ती आत गेली.

“हातमोजे थंडीसाठी आहेत!” मी रांजणाला ठणकावून सांगितलं. उत्तर आलं नाही. “थंडीसाठी!” मी पुन्हा म्हणालो, आणि मांडीवर काहीतरी कोमट, ओलं लागलं.

मी खाली बघितलं. टोपी सरकली होती. चपटं, जरासं उजवीकडे झुकलेलं, माझंच नाक. डोळे उघडे, आणि ती माझ्याकडे अशी बघत होती, की हा कोण बुवा? सासूच्या दारात, सासूच्या समोर, पहिली मुलगी मांडीवर घेऊन मी बसलो होतो. ठेवू कुठे? देऊ कोणाला? मी हललो नाही. खरं म्हणजे मला हलायचंच नव्हतं. पडद्याची कड बोटभर उचलली गेलेली मला दिसत होती.

“रांजणा,” आतून हळूच आवाज आला, “त्याला सांग, मान धर म्हणावं पोरीची. पोर धरता येत नाही आणि निघाला शिंप्याची लग्नं लावायला.”

मी मान धरली.

“हं,” आवाज म्हणाला. “आता सांग, चौथ्या भागात ती दुसरा पाय कुठे टाकेल असं वाटतं तुला?”

बाहेर टॅक्सीवाला भोंगा वाजवत होता. मी मुलीला जरा वर घेतलं आणि उत्तर द्यायला सुरुवात केली.